अकराचा अंदाज

थंड हवेची आघाडी पहाटे साडेचारला शहरावरून पुढे सरकली आणि आठ वाजेपर्यंत अख्खं शहर वेधशाळेवर खूश झालं. असा योग वर्षातून एखादाच. दोन दिवस वारा-पाऊस सांगितला होता, दोन दिवस वारा-पाऊस झाला, आणि आता सांगितल्याबरहुकूम स्वच्छ ऊन पडलं होतं. फाटकावरचा पहारेकरी एरवी हवामानबाई दिसल्या की "बाई, आज छत्री घेऊ का? तुम्ही सांगाल त्याच्या उलट करतो," म्हणून स्वतःच खो खो हसायचा. आज त्यानं नुसता सलाम ठोकला.

बाईंना तो दिसलाच नाही. कानाला फोन लावून त्या जिन्याकडे चालल्या होत्या, आणि फोनवर बेटावरचा डॉक्टर बोलत होता.

"पित्ताशयाला सूज आहे. ताप एकशे दोन. माझ्याकडे सलाईन आहे, सुया आहेत, ऑपरेशनचं टेबल नाही. आज पलीकडे न्यायलाच पाहिजे त्यांना."

"आज म्हणजे कधीपर्यंत?"

"आज म्हणजे आज, बाई. बोट कधी सुटणार ते तुम्हीच सांगा. मला काय विचारता?"

हीच तर गोम होती. बाईंची आई आठ दिवसांसाठी म्हणून बेटावर आपल्या भावाकडे, म्हणजे बाईंच्या मामांकडे, राहायला गेली होती. बेट शहरापासून बोटीनं तासाभरावर. दोन दिवस बोट बंद, आणि बंद होती ती बाईंनीच लिहिलेल्या अंदाजामुळे. आज ती सुटणार की नाही, हेही बाईच लिहिणार होत्या. रोज सकाळी अकराला पुढच्या चोवीस तासांचा अंदाज बंदरावर जायचा. बंदरमास्तर त्यातली एकच ओळ वाचायचे: समुद्रावरचा वारा. ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आत असला की साडेअकराला बोट सुटायची, वर असला की 'बोट बंद'चा फळा लागायचा. बाकीच्या दहा ओळी त्यांनी कधी वाचल्या असतील तर शपथ. 'हवामानबाई' हे नावसुद्धा त्यांनीच ठेवलेलं. सोळा वर्षांत ते इतकं चिकटलं की पगाराच्या कागदावर स्वतःचं खरं नाव दिसलं की बाईंना क्षणभर हे कोण असं व्हायचं.

बाई खुर्चीत बसल्या आणि नकाशा समोर ओढला. आघाडी गेली होती, प्रश्न तो नव्हता. आघाडी गेली की लोकांना वाटतं सुटलो. पण कधी कधी आघाडीच्या मागून, दोनशे-तीनशे किलोमीटरवरून, एक दुसरंच लचांड चालत येतं. उघडं आकाश, ऊन, पक्षीबिक्षी, आणि दोन-चार तासांनी अचानक असा वारा सुटतो की आघाडी परवडली. आज नकाशावर समुद्रात दाबाच्या रेषांना एक बारीकशी मुरड पडलेली होती. नखाएवढी. उपग्रहाच्या चित्रात त्याच जागी स्वल्पविरामासारखा वाकडा ढग. ती मुरड मरत असली तर दुपार छान जाणार होती. जिवंत असली तर नाही. मरतेय की जगतेय हे सांगू शकणारं ठिकाण त्या सगळ्या पाण्यात एकच होतं: बेटावरचं दीपगृह. तिथे दाब चढत असेल तर मुरड मरतेय, उतरत असेल तर येतेय.

आणि दीपगृहावर आकडे घ्यायला बसलेले कोण, तर मामा.

"काय म्हणताय?" साहेब डोकावले. साहेबांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि ते तीन महिने त्यांना काचेच्या बरणीसारखे सांभाळून न्यायचे होते. 'शक्यता नाकारता येत नाही' या एका वाक्यावर त्यांनी तेहेतीस वर्षं नोकरी काढली होती. गेल्या महिन्यात बाईंनी सरळ 'वादळी वारे येतील' असं लिहिलं, बोट दोन दिवस बंद राहिली आणि झाडाचं पान हललं नाही. वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं: पंख्यासमोर बसलेली बाई आणि खाली 'वादळ!' साहेबांनी ते कापून खणात ठेवलं होतं. अधूनमधून काढून बघायचे.

"दुपारी अजून एक दणका येईल असं वाटतंय," बाई म्हणाल्या. "दहाचे आकडे आले की सांगते."

"वाटतंय?" साहेबांनी खिडकीबाहेरचं ऊन बघितलं. "बाई, पुन्हा एकदा लांडगा आला रे आला झालं ना, तर या वेळी गावकरी आपल्यालाच काठ्या मारतील. जरा जपून."

बाईंनी मान हलवली. आईचं त्यांनी साहेबांना सांगितलं नव्हतं. सांगायचं तोंडावर येत होतं आणि परत गिळलं जात होतं. मन दोन्हीकडून ओढत होतं, आणि खरं सांगायचं तर एकीकडून जास्तच. दाब चढलेला असू दे, असं त्या मनातल्या मनात घोकत होत्या. सोळा वर्षांत एखादा आकडा असाच यावा असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आज वाटत होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती.

दहा वाजून दोन मिनिटांनी दीपगृहाचा फोन वाजला.

इथे मामांची एक गोष्ट सांगायला हवी. आकडे फोनवर सांगायची त्यांची एक शिस्त होती: आधी आकडे, मग घर. दाब, वारा, वाऱ्याची दिशा, लाटा, दृश्यता, तापमान. या क्रमानं सहा आकडे सांगायचे, समोरच्याकडून परत वाचून घ्यायचे, 'बरोबर' म्हणायचं, आणि मगच काय कशी आहेस, जेवलीस का. भाची झाली म्हणून काय झालं, फोनवर ती आधी वेधशाळा. मामी गेली त्या सकाळी मामांनी सहाही आकडे सांगितले, वाचून घेतले, 'बरोबर' म्हटलं, आणि मग म्हणाले, "ठके, तुझी मामी गेली गं." एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही आकड्याभोवती वेधशाळेच्या वहीत लाल गोल पडला नव्हता. संशयित आकड्याला लाल गोल करायची पद्धत होती. दुसऱ्या ठिकाणांची पानं गोवर आल्यासारखी दिसायची, बेटाचं पान कायम स्वच्छ.

"ठके," मामा म्हणाले, "ताईचा ताप उतरत नाहीये गं. रात्रभर कण्हत होती. बोट येते ना आज?"

बाईंचं पेन वहीवर थांबलं. आईच्या तापानं तर थांबलंच, पण आकड्यांच्या आधी घर आलं म्हणूनही थांबलं.

"मामा, आकडे."

"हां, लिही. दाब दोन चढला. वारा अठ्ठावीस. पश्चिमेचा. लाटा दीड मीटर. स्वच्छ दिसतंय. तापमान तेरा." एका दमात, पाठ केलेली कविता म्हणावी तसे. "झालं? आता बोटीचं सांग."

बाईंनी लिहून घेतलं. अठ्ठावीस. पंचेचाळीसच्या किती आत. दाब दोन चढला, म्हणजे मुरड मेली. बोट साडेअकराला सुटेल, साडेबाराला बेटावर, दोन वाजता आई इकडच्या धक्क्यावर, अडीचला इस्पितळात. डोळ्यांसमोर सगळं सरसर उभं राहिलं. आणि त्याच वेळी फोनमध्ये मामांच्या मागून येणारा आवाज त्यांच्या कानात शिरला. टण टण टण टण. न थांबता.

तो आवाज त्यांना चांगला माहीत होता. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्या आवाजात गेल्या होत्या. निशाणाच्या लोखंडी खांबाला पोलादी दोरी आपटायची. तिशीतल्या वाऱ्यात ती नुसती हलते. चाळिसात मधूनच एखादा टोला देते. पन्नासच्या पुढे गेला वारा की ती थांबतच नाही, मामी वैतागून कानात कापूस घालायची.

"मामा, मागे दोरी वाजतेय ना?"



"सैल झालीये," मामा म्हणाले.

मामा आणि सैल दोरी! चहाच्या कपाचा कान रोज एकाच दिशेला ठेवणारा माणूस. मागे दोरी वाजतच होती.

"मामा, परत एकदा बघून सांगता का?"

"मी सांगितलं तेच आहे," मामा म्हणाले, आणि आवाज चिरकला. "तुझी आई आहे ती, ठके. माझी बहीण आहे. लिही ना गुपचूप." त्यांनी फोन ठेवला.

दहा वाजून दहा. बाई वहीकडे बघत राहिल्या. बेटाच्या पानावर अठ्ठावीस लिहिलेलं, त्यांच्याच अक्षरात. किनाऱ्यावरच्या दोन ठिकाणचे आकडे आले होते, दोन्हीकडे दाब किंचित उतरलेला. पण किंचितच, तो उन्हानंही उतरतो. बेटाचा आकडा एकदा मानला की बाकी सगळं त्याच्यात बसत होतं. कुणी विचारलं असतं तर कागद दाखवता आला असता.

साहेब परत आले. "आले आकडे?"

आता मात्र बाईंच्या तोंडून निघालं. "साहेब, माझी आई बेटावर आहे. आजारी आहे. आजच तिला इकडे आणायचंय."

साहेब चपापले. मग त्यांचा चेहरा मऊ झाला, आणि ते जे म्हणाले ते मनापासूनच म्हणाले. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? तुम्ही कशाला हे डोक्यावर घेता? उठा. आजचा अंदाज मी लिहितो. बेटाचा काय आहे आकडा? अठ्ठावीस ना? झालं तर मग. 'वारे मध्यम राहतील, दुपारनंतर वाढण्याची शक्यता नाकारता येत नाही.' बोट जाईल, आई येतील, तुम्ही धक्क्यावर जा."

इतकं सोपं होतं ते. उठायचं, पर्स उचलायची आणि धक्क्यावर जायचं. आकडा मामांचा, सही साहेबांची, बाईंचा कुठेही हात नाही. त्यांनी काही खोटं लिहायचंसुद्धा नव्हतं, फक्त दोरीचं बोलायचं नव्हतं. पाय उठायलाही निघाले होते, हे बाईंनी पुढे स्वतःशी कधी नाकारलं नाही.

"पाच मिनिटं द्या," त्या म्हणाल्या आणि व्हरांड्यात येऊन आईला फोन लावला.

बराच वेळ वाजल्यावर आईनं उचलला. आवाज लांबून आल्यासारखा.

"आई, खिडकीतून पाणी दिसतंय का तुला?"

"बाई गं, इथे जीव चाललाय आणि ही पाणी विचारतेय." आई हसली आणि हसताना दुखलं म्हणून विव्हळली. "थांब, उशी वर घेते... पांढरं आहे. सगळं पांढरं पांढरं. काळ्या खडकावरून उडतंय."

काळ्या खडकावरून पाणी उडायला लाटा तीन मीटर तरी लागायच्या.

"बरं."

"का गं? त्यानं किती सांगितल्या?"

"दीड."

"त्याला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. बरणीतली साखर खायचा आणि तोंड न पुसता 'मी नाही' म्हणायचा. त्याला काही बोलू नकोस हं."

"आई, आज बोट सोडली नाही तर..."

बाईंना वाटत होतं, आईनं म्हणावं, सोड. किंवा म्हणावं, सोडू नकोस. काहीतरी एक म्हणावं आणि हे ओझं उचलावं. आईनं दोन्ही म्हटलं नाही.

"उद्या सकाळी येईल ना?" आईनं विचारलं. एवढीशी होऊन विचारलं. आई घाबरलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती. "उद्या नक्की ना गं?"

अंदाज लिहिणारी माणसं 'नक्की' हा शब्द वापरत नाहीत. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवतात. बाईंनी स्वतः चार जणांना शिकवलं होतं.

"नक्की," त्या म्हणाल्या.

आत जाऊन त्यांनी बेटाच्या दहाच्या आकड्यांभोवती लाल गोल काढला. गोल वाकडा आला. साहेब बघत होते. "बेटाचे आकडे मी धरत नाही," बाई म्हणाल्या. "अंदाज मीच लिहिणार." आणि त्यांनी लिहिलं: समुद्रावर वारे पन्नास ते साठ, दुपारी ताशी नव्वदपर्यंत झोत येतील. शक्यता वगैरे काही नाही. येतील. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. अडवायलाही सही लागते, आणि ती त्यांना कुठेच करायची नव्हती.

अकराला अंदाज गेला. अकरा वाजून चार मिनिटांनी बंदरमास्तरांचा फोन.

"बाई, खिडकी आहे का हो तुमच्या ऑफिसला? असेल तर जरा उघडून बघा! धक्क्यावर साठ माणसं उभी आहेत, ऊन पडलंय, पाणी ताटासारखं सपाट आहे. काय सांगू मी यांना?"

"बंदरातलं पाणी सपाटच असतं. बाहेर नाहीये."

"कधी येणार तुमचं वादळ?"

"दुपारी."

"दुपार म्हणजे बारा ते सहा! अहो, माझी आजी याच्यापेक्षा बरं सांगायची, गुडघा दाबून." आणि फळा लागला.

मग सुरू झालं वाट बघणं. बारा वाजता ऊन आणखी कडक झालं. साडेबाराला वेधशाळेच्या गच्चीवरची वाऱ्याचा वेग मोजणारी वाटीयंत्रं जवळजवळ थांबली. बाईंना डबा उघडवेना. त्यांनी आईला फोन केला, उचलला नाही. डॉक्टरला केला. "झोपवलंय, इंजेक्शन दिलंय," तो म्हणाला. "बोट नाहीच ना?" त्यानं तो 'नाहीच ना' असा म्हटला की बाईंना वाटलं आपण गुन्हाच केलाय.

एकला दीपगृहाचा फोन आला. मामांनी नाव घेतलं नाही, ठकी म्हटलं नाही. "वेधशाळा का? लिहून घ्या." अहो-जाहो! दाब चार उतरला. वारा तीस. दिशा नैर्ऋत्य. लाटा दोन मीटर. दृश्यता स्वच्छ. तापमान पंधरा. बाईंनी वाचून दाखवलं. "बरोबर," मामा म्हणाले. मागे दोरी गप्प होती.

"साडेअकरापासून वारा पडलाय," मामा म्हणाले. "हे खरं आहे. वाटलं तर कान देऊन ऐक."

"ऐकतेय, मामा."

"सकाळी सोडली असतीस तर आत्ता ताई बोटीत असती."

"मी दहाच्या आकड्यांना लाल गोल केलाय, मामा."

"बरं केलंस," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. एकतीस वर्षांचं स्वच्छ पान होतं ते, आणि वारा खरंच पडला होता.

साहेब आणि बंदरमास्तर दोघांनी मिळून आता धोशा लावला. अंदाज बदला. तीसवर आलाय, आता सव्वा एकला बोट काढली तरी चालेल, लोक शिव्या देताहेत. एक माणूस तर म्हणे बंदरमास्तरांच्या टेबलावर चढला. बाईंचं मन चाळणी झालं होतं. दाब चार उतरला हे एकच धरायला होतं, आणि तो सांगणारे मामाच होते, ज्यांच्यावर सकाळी अविश्वास दाखवला तेच. पण सकाळी खोटं बोलले ते आपल्या बाजूचं. आताचा आकडा त्यांच्या स्वतःच्या विरुद्ध होता. माणूस स्वतःच्या विरुद्ध खोटं कशाला बोलेल?

"बदलणार नाही," बाई म्हणाल्या.

"मग हे असंच संध्याकाळपर्यंत ऊन राहिलं तर?" साहेबांनी विचारलं.

"तर तुमच्या खणात अजून एक चित्र येईल."

दीड. पावणेदोन. बाई गच्चीवर जाऊन उभ्या राहिल्या. दोन वाजता त्यांनी घड्याळ बघितलं. साडेअकराची बोट या वेळी परत धक्क्याला लागली असती. आईला खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं असतं. ऊन होतं. पाणी सपाट होतं. बाईंना स्वतःचा इतका राग आला की त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. लोकांच्या जिवाची काळजी म्हणून केलं की स्वतःचं गणित बरोबर ठरावं म्हणून? त्यांना खरंच सांगता येईना. आणि त्यांनी, वादळ सांगणाऱ्या बाईनं, मनापासून इच्छा केली की ते यावं. यावं म्हणजे निदान आईला उगाच ठेवलं असं होणार नाही. साठ घरांतली माणसं, होड्या, पत्रे, कशाचाच विचार न करता त्यांनी ते मागितलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी आलं.

आधी पश्चिमेला पाण्यावर एक काळी रेघ दिसली, मग गच्चीचं दार आपटलं, मग बाईंना खाली बसावं लागलं. वाटीयंत्रं दिसेनाशी झाली इतकी फिरत होती. धक्क्याला बांधलेली बोट दोनदा आपटली, तिची एक बाजू आत गेली. दीपगृहाचा फोन वेळापत्रकाबाहेर वाजला आणि मामा ओरडत होते, "एक्क्याण्णव! ठके, एक्क्याण्णव झालाय! लिही!" तासभर चाललं. सव्वातीनला बंदरमास्तरांचा फोन आला. "बाई, सव्वा एकला काढली असती तर वारा आला तेव्हा बेटाच्या धक्क्यावर माणसं चढवत असतो आम्ही. वाचलो." साहेबांनी स्वतःच्या हातानं चहा आणून दिला, तेहेतीस वर्षांत प्रथमच. पहारेकऱ्यानं वर येऊन हात जोडले.

बाईंना कुणाचंच काही शिरत नव्हतं. त्या एकच हिशेब करत होत्या. सव्वा एकची बोट सापडली असती, खरं. साडेअकराची सापडली नसती. दोनला लागली असती आणि वीस मिनिटांनी वारा आला असता. वीस मिनिटं हातात ठेवून आई इकडे पोचली असती. मामांच्या खोट्या आकड्यावर बोट सोडली असती तर एकही माणूस भिजलं नसतं. असंच घडणार हे सकाळी कुणालाच कळायचा मार्ग नव्हता. हे त्यांना माहीत होतं, दुसऱ्या कुणालाही त्यांनी तेच पटवून दिलं असतं. स्वतःला पटवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा बारा होता. आत गेलेल्या बाजूला फळ्या ठोकून बोट पहिल्या उजेडात गेली आणि आईला घेऊन आली. मामा दीपगृह सोडून येऊ शकत नव्हते. आई चादरीत गुंडाळलेली होती, चेहरा पिवळा पडलेला, ओठ कोरडे. बाईंनी हात धरला तर तो नुसता भाजत होता. आईनं डोळे उघडले, ओळखलं, परत मिटले.

इस्पितळात सर्जन तरुण होता आणि घाईत होता. त्यानं पोटावर हात ठेवला, आई ओरडली, त्यानं नर्सकडे बघून दोनच शब्द सांगितले आणि स्ट्रेचर हलायला लागलं. बाई शेजारून चालत होत्या.

"फुटलंय आत," तो चालता चालता म्हणाला. "काल दुपारपर्यंत आणलं असतं तर साधं ऑपरेशन होतं हो. आता पोट सगळं साफ करावं लागणार. वय बघता मी काही शब्द देऊ शकत नाही. काल का नाही आणलं?"

"बोट बंद होती," कुणीतरी मागून म्हणालं.

"काल सकाळी ऊन होतं की! मी स्वतः बघितलं. ऊन असताना कोणी थांबवली बोट?"

बाई स्ट्रेचरची कड धरून चालत राहिल्या.

"हिनं," आई म्हणाली.

सगळे थांबले. आईचे डोळे नीट उघडे होते. तिनं चादरीतून हात काढला आणि बाईंकडे केला. घरी आलेल्या पाहुण्यांना मुलगी दाखवतात, अगदी तसा.

"माझी मुलगी आहे," ती सर्जनला म्हणाली. तिला धाप लागत होती, तरी शब्द सुटे सुटे करून सांगत होती. "वेधशाळेत असते. तिनंच थांबवली. काल काय वारा होता, तुम्हाला कल्पना नाही."

सर्जननं बाईंकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे नजर वळवली. नर्सनं आईचा हात परत चादरीत घातला. मोठं दार उघडलं, स्ट्रेचर आत गेलं आणि दार मिटलं. बाई बाहेर उभ्या राहिल्या, आणि आत आई अजून कुणाला तरी तेच सांगत होती ते दारातून ऐकू येत राहिलं, ऐकू येईनासं होईपर्यंत.